वाक्य विसरल्यानंतरचं नाटकही शिकवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या वाचकांच्या पत्रांत हौशी नाटकांविषयी एक पत्र आलं होतं. लिहिणारे गृहस्थ जुने नाटकवाले असावेत. हल्लीची हौशी मंडळी पाठांतर करत नाहीत, रंगमंचावर अडली की पदरची वाक्यं घालून वेळ मारून नेतात, स्पर्धेत अशा कलाकारांचे गुणच कापायला हवेत, असं त्यांचं म्हणणं. पत्र कळकळीचं होतं आणि त्यातलं अर्धं मला पटलं. उरलेल्या अर्ध्यासाठी हे लिहिते आहे. लांबेल, त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

मी कुडाळ तालुक्यातल्या एका वाडीत अठरा वर्षं अंगणवाडी सेविका आहे. आमच्या वाडीच्या महिला मंडळात आम्ही नऊजणी नाटक करतो. वर्षातून एकदा, नवरात्रात, देवळाच्या सभामंडपात. कधी तालुक्याच्या ठिकाणी एकांकिका घेऊन जातो. आमच्यात एक पोस्टात आहे, एक आशाताई आहे, दोघींच्या काजूच्या बागा आहेत, बाकीच्या घरचं आणि शेताचं बघतात. तालीम म्हणजे संध्याकाळची भांडी घासून, म्हाताऱ्यांना जेवायला वाढून, सात ते साडेनऊ. दिग्दर्शन म्हणावं असं जे काही असतं ते माझ्याकडे, आणि प्रयोगाच्या दिवशी विंगेत वही घेऊन प्रॉम्प्टिंगलाही मीच.

दोन वर्षांपूर्वीच्या नवरात्रात आमचं नाटक मध्येच पडदा पाडून थांबवावं लागलं. गावातल्या निवृत्त गुरुजींनी लिहिलेली एकांकिका होती, विधवा सून आणि सासू यांच्यातल्या जमिनीच्या वादाची. मधल्या प्रसंगात सून ट्रंक उघडते, तिच्यातून सातबाऱ्याचा उतारा काढते, सासूपुढे धरते आणि म्हणते, "वाचा, यात माझं नाव कुठे आहे ते दाखवा." त्या एका कागदावर पुढचं सगळं नाटक उभं होतं.

तिने ट्रंक उघडली तर आत फक्त साड्या. दुपारी तो कागद नीट घडी घालायला मीच काढला होता आणि तो माझ्याच पिशवीत राहिला. चूक पूर्णपणे माझी. तिने साड्यांखाली हात घातला, एक साडी उचलली, परत ठेवली, आणि माझ्याकडे बघितलं. मी काय केलं? मी तिला तेच वाक्य सांगितलं. "वाचा, यात माझं नाव..." पुन्हा, जरा मोठ्याने. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा ते पहिल्या पाच रांगांनी ऐकलं. हातात कागदच नाही तर ती 'वाचा' म्हणणार कशी, हे मला त्या घटकेला सुचलं नाही. समोर सासू झालेली बाई कमरेवर हात ठेवून आपल्या क्यूची वाट बघत उभी. तिला कागद दिसल्यानंतरची वाक्यं येत होती. कागद न दिसल्यावरचं वाक्य कुणी लिहिलेलंच नव्हतं. पुढे बसलेली मुलं हसायला लागली. सुनेने पदर तोंडाला लावला आणि आत निघून आली.

पत्रलेखकांना मला इथे आवर्जून सांगायचं आहे की त्या मुलीचं पाठांतर पक्कं होतं. तिला स्वतःचीच काय, सगळ्यांची वाक्यं पाठ होती. तालमीला कुणी आलं नाही तर तिची भूमिका हीच म्हणायची. कमी पडलं ते पाठांतर नव्हे. वाक्य ज्या कागदाला धरून होतं तोच नसला तर काय करायचं, याची एक दिवसही तालीम आम्ही तिच्याकडून करून घेतली नव्हती. त्यानंतर कित्येक महिने ती मंडळात फिरकली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीवर दूध घालायला गेले तर तिथे आमच्या शेजारच्या वाडीतले एक काका भेटले. दशावतारात चाळीस वर्षं काढलेली. आधी बरीच वर्षं स्त्रीपार्ट, मग राजे आणि ऋषी. आता गुडघे गेले म्हणून काम बंद. नाटक बघायला ते आदल्या रात्री आले होते. मी मान खाली घालूनच उभी होते. ते म्हणाले, "उतारो गावलो नाय म्हंजे तो कोणी तरी चोरलो. नाटकात ह्याच्यापेक्षा बरा काय व्हया?"

मी घरी येईपर्यंत तेच घोळवत होते. खरंच की. सुनेने ट्रंक उघडली, कागद नाही, तिने वळून सासूकडे बघायचं आणि एवढंच म्हणायचं, "काल रात्रीपर्यंत इथे होता." गुरुजींच्या नाटकापेक्षा जास्त चढलं असतं. आणि सासूला तरी दुसरं काय करायचं होतं? तिने फक्त आपली नजर चुकवायची होती.

आमच्याकडे जन्मलेल्या माणसाला दशावतार सांगावा लागत नाही, पण आपला पेपर घाटावरही जातो म्हणून थोडं सांगते. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की दक्षिण कोकणात आणि गोव्यात देवळांच्या आवारात रात्रभर हा खेळ चालतो. आधी आडदशावतार, म्हणजे गणपती, ऋद्धी-सिद्धी, सरस्वती, भटजी, शंखासुर ही सगळी मंडळी येऊन जातात, आणि मग रात्र चढल्यावर आख्यान, म्हणजे पुराणातली एखादी कथा लागते. पायपेटी, मृदंग, झांज एवढंच संगीत. एक बाकडं, तेच सिंहासन. आख्यानाची लेखी संहिता मुळात नसते. मालक किंवा जाणता कलाकार रंगपटात, म्हणजे पडद्यामागे तयार होण्याच्या जागी, सगळ्यांना कथा सांगतो, कोणी कोणती भूमिका घ्यायची ते ठरतं, आणि आपापल्या पेटाऱ्यावर बसून, आरसा हातात धरून, स्वतःची रंगभूषा स्वतः करता करता कलाकार ती कथा डोक्यात बसवतात. मग बाहेर जाऊन तीन-चार तास बोलतात. राजा येतो, नाचतो, बाकड्यावर बसतो, आपण कोण, कुठले, मनात काय सलतंय ते सांगतो, आणि त्याच्यासमोर येणारा दुसरा कलाकार ते ऐकून आपलं बोलणं रचतो.

मी लहानपणापासून हे बघत आले, पण 'त्यांना जमतं, देवाची देणगी' एवढंच मनात होतं. ती देणगी नाही, कसब आहे, आणि ते दुसऱ्याला शिकवता येतं, हे मला त्या काकांनी दाखवलं. पुढच्या श्रावणात मी त्यांच्या घरी जाऊन विनंती केली. सोबत ती सून झालेली मुलगीही आली. तिला आणायला मला तीन वेळा तिच्या घरी जावं लागलं. काका आठ संध्याकाळी आमच्या अंगणवाडीत आले. त्या आठ संध्याकाळींविषयी सविस्तर लिहिते, कारण दुसऱ्या कुठल्या मंडळाला उपयोग झाला तर व्हावा.

पहिल्या दिवशी आम्ही सवयीने वह्या घेऊन बसलो. काकांनी त्या गोळा करून कपाटावर ठेवायला लावल्या. मग दोघींना उभं केलं आणि एवढंच सांगितलं: सासू-सून, विहिरीवर, दोर तुटलाय. कोण, कुठे, काय झालं. बाकी तुमचं तुम्ही बोला.

सासू म्हणाली, "आता काय करायचं?" सून म्हणाली, "खरंच, आता काय करायचं?" आणि दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. काका म्हणाले, "प्रश्न इचारून दुसऱ्याच्या डोक्यार भार घालू नकात. काय तरी दिया."

दुसऱ्यांदाही असंच झालं. मग काकांच्या लक्षात आलं की आम्ही पुस्तकी मराठी बोलतोय. नाटक म्हटलं की आम्हा सगळ्यांच्या तोंडी आपोआप प्रमाण भाषा येते आणि त्यात चुकू नये म्हणून आधीच अर्धी बुद्धी खर्च होते. ते म्हणाले, घरात बोलतात तसं बोला. तिसऱ्यांदा सून म्हणाली, "दोर तुटलो. कालच तर नवो हाडलो तुमच्या झिलान." (झील म्हणजे मुलगा.) आणि सासू झालेल्या आमच्या पोस्टातल्या बाई पटकन म्हणाल्या, "झिलान हाडलो खरो, पण पैशे तुझ्या बापाशीचे."

खोलीत सगळ्या गप्प. एका तुटलेल्या दोरातून त्या घरातला सगळा कलह बाहेर आला होता: जावयाने सासऱ्याकडून पैसे घेतलेत, सासूला ते माहीत आहे, आणि सुनेला आत्ता कळतंय. कोणीच काही ठरवलं नव्हतं. काकांनी दोघींना थांबवून समजावलं की सासूने काय केलं ते बघा. सुनेने दिलेलं तिने नाकारलं नाही. 'झिलाने आणला' हे घेतलं आणि वर स्वतःचं एक ठेवून परत दिलं. हिने जर 'छे, नवा कुठला, जुनाच तो' म्हटलं असतं तर सुनेच्या हातात काही उरलं नसतं.

काकांचा दुसरा धडा ऐकण्याचा. समोरच्याच्या वाक्यातला शेवटचा शब्द उचलायचा आणि तिथून आपलं बोलणं सुरू करायचं. हा सराव आम्ही दोन संध्याकाळ केला. सुरुवातीला आमच्यातल्या निम्म्याजणी समोरची बोलत असतानाच आपलं उत्तर मनात जुळवायच्या, त्यामुळे शेवटचा शब्द कुणालाच सांगता येईना. काका न रागावता पुन्हा पुन्हा म्हणत, "समोरचो काय बोलता ता आयका. उत्तर थयच आसता." आमच्या आशाताईला हे सर्वांत आधी जमलं. तिचं म्हणणं, दिवसभर घरोघर जाऊन बायकांचं ऐकायचं हेच माझं काम, त्यामुळे मला हे वेगळं वाटलंच नाही.

तिसरा धडा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो आणि पत्रलेखकांनाही तो पटेल. मी काकांना विचारलं, तुम्ही राजा झालात की इतकी भारदस्त भाषा ऐन वेळी येते कुठून? त्यांनी घरून पांडवप्रताप आणि हरिविजयाच्या पोथ्या आणून दाखवल्या. पानांच्या कडा हात लागून काळ्या पडलेल्या. पावसाळ्यात खेळ बंद असताना ते त्या वाचत, ओव्या पाठ करत. राजाने दरबारात कसं बोलायचं, ऋषीने शाप कसा द्यायचा, आईने मुलाला निरोप कसा द्यायचा, याचं सगळं सामान वर्षानुवर्षं आत भरलेलं. ऐन वेळी त्यातलं काय काढायचं एवढंच रंगमंचावर ठरतं. म्हणजे ऐन वेळी बोलणाऱ्याला पाठांतर कमी लागतं असं नाही, उलट फार जास्त लागतं. फक्त ते एका नाटकापुरतं नसतं.

यानंतर आम्ही सामाजिक नाटकासाठी आमची स्वतःची पोतडी भरायला घेतली. प्रत्येकीने आपल्या पात्राविषयी नाटकात नसलेल्या दहा गोष्टी ठरवायच्या. ही बाई सकाळी उठून पहिलं काय करते, तिच्या माहेरी किती भावंडं, तिच्या ट्रंकेत काय काय आहे, तिला कोणाची भीती वाटते. प्रेक्षकांना यातलं काही सांगायचं नसतं, पण अडल्यावर हात घालायला आत काहीतरी असतं.

एक खेळ काकांचा नाही, तालुक्याच्या एका शिबिरात मुंबईहून आलेल्या प्रशिक्षक मुलीने शिकवलेला आहे. सगळ्यांनी गोल बसायचं, डोळे मिटायचे आणि एक ते वीस अंक मोजायचे. कोणी कधी बोलायचं हे ठरवायचं नाही. दोघी एकदम बोलल्या की पुन्हा एकपासून. पहिल्या दिवशी आम्ही सातच्या पुढे गेलो नाही. बाराव्या दिवशी वीस झाले तेव्हा कोणीच ओरडलं नाही, सगळ्या तशाच डोळे मिटून बसून राहिल्या. दुसरीचा श्वास ऐकून थांबायचं हे तेव्हा अंगात भिनलं होतं.

त्याच मुलीने आम्हाला व्हायोला स्पोलिन या अमेरिकन बाईंविषयी सांगितलं. शिकागो शहरात नीव्हा बॉइड नावाच्या बाईंकडे त्या मुलांच्या खेळांचं शिक्षण शिकल्या आणि १९३९ ते १९४१ या काळात तिथल्या एका सरकारी मनोरंजन प्रकल्पात नाटकाचं काम बघत होत्या. येणारी मंडळी देशोदेशींहून पोटासाठी आलेली, भाषा वेगळ्या, नाटक कधी केलेलं नाही. त्यांना व्याख्यान देऊन उपयोग नाही म्हणून त्यांनी खेळ रचले आणि खेळातून माणसांना रंगमंचावर मोकळं केलं. त्यांचं पुस्तक १९६३ साली आलं. कोण, कुठे, काय करतंय, एवढंच ठरवून प्रसंग उभा करायचा ही त्यांची पद्धत. ते ऐकलं आणि माझ्या डोळ्यांसमोर काकांची विहीर आली. काकांनी शिकागोचं नाव ऐकलेलं असेल-नसेल, पण दोघांनी नवख्या माणसाच्या हातात पहिल्यांदा ठेवलं ते सारखंच.

मला तर हे रोज सकाळी दहा वाजता डोळ्यांसमोर दिसत होतं, आणि मी बघत नव्हते. माझ्या अंगणवाडीत चार वर्षांची एक मुलगी आहे. ती करवंटी घेते, दुसऱ्याच्या हातात देते आणि म्हणते, "च्या घे." तो पोरगा करवंटी दोन्ही हातांनी धरतो, फुंकर मारतो आणि म्हणतो, "गरम आसा." तिसरी बाजूला बसलेली उठते आणि "बिस्किटां हाडतंय" म्हणत दाराकडे पळते. यातला एकही म्हणत नाही की ही करवंटी रिकामी आहे. फुंकर मारायला त्या पोराला कोणी सांगितलं? दिलेलं घ्यायचं आणि वाढवून पुढे द्यायचं, हे सगळ्यांना चौथ्या वर्षी येत असतं. मग शाळेत आपण त्यांना विचारलं तेवढंच आणि पुस्तकात असेल तसंच उत्तर द्यायला शिकवतो, आणि तीस वर्षांनी तीच मुलं सभामंडपात ट्रंकेसमोर थिजून उभी राहतात.

पत्रलेखकांनी मराठी रंगभूमीच्या परंपरेचा उल्लेख केला आहे. मग सुरुवातीपासूनच बघू. विष्णुदास भाव्यांनी सांगलीत १८४३ साली सीतास्वयंवराचा खेळ केला. ५ नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिन पाळतो तो त्याचाच. त्या खेळांत सूत्रधार पदं म्हणायचा आणि पात्रं त्या पदांना धरून गद्य भाषण आपल्या मनाने जुळवून बोलायची. पूर्ण लिहिलेली नाटकं नंतर आली आणि त्या काळी लोकांनी त्यांना 'बुकिश' नाटकं म्हटलं. लिखित नाटकाने आपल्याला फार दिलं, ते मी कमी लेखत नाही. पण पदरचं बोलणं म्हणजे परंपरेबाहेरचं, असं म्हणणं बरोबर नाही. आपलं नाटक चालायला लागलं तेच त्याच्या आधाराने.

आता त्यांचं जे मला पटलं त्याविषयी. टाळ्या आणि हशा घेण्यासाठी घातलेली पदरची वाक्यं मलाही खपत नाहीत. एका गॅदरिंगमध्ये मी बघितलं, एक हौशी नट मिनिटागणिक स्थानिक पुढाऱ्यांवर कोट्या करत होता आणि त्याच्यासमोरची मुलगी आपलं गंभीर वाक्य ओठांवर घेऊन ताटकळली होती. तिचा प्रसंग त्याने खाल्ला. काकांना विचाराल तर तेही हेच म्हणतील. त्यांच्या मते समोरच्याला बोलायला जागा न ठेवणारा कलाकार दशावतारातही दोन जत्रांच्या वर टिकत नाही. आणि संहितेचा मान हवाच. लेखकाने एकेक शब्द तोलून लिहिलेला असतो, शिवाय प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संहिता मंजूर करून घेतलेली असते, तिच्यात हौसेने भर घालायचा आपल्याला अधिकार नाही. मी मागते आहे ती प्रयोगात मोकळीक नाही. तालमीत आठ दिवस मागते आहे.

त्या आठ दिवसांचा उपयोग नाटक न अडलं तरी होतो. गेल्या वर्षी आमची लिहिलेली वाक्यंसुद्धा वेगळी ऐकू यायला लागली. आधी आम्ही समोरचीचं वाक्य संपायची वाट बघायचो. आता ऐकायला लागलो, आणि ऐकल्यावर तेच वाक्य प्रत्येक तालमीला थोडं निराळं निघायचं. कधी हळू, कधी दुखावून.

आणि नाटक अडलं तेव्हाचं सांगते. गेल्या नवरात्रात एका आईची आणि लग्न झालेल्या मुलीची एकांकिका केली. मुलीच्या भूमिकेत तीच, सातबाऱ्याची सून. आई झालेल्या वैनींना त्या दिवशी ताप होता. चौथ्या पानावरून त्या थेट नवव्या पानावर गेल्या आणि म्हणाल्या, "बरं तर, निघते मी." हे त्यांचं शेवटचं वाक्य. त्या निघाल्या असत्या तर मुलीला घर का सोडावं लागलं ही गोष्ट प्रेक्षकांना कळलीच नसती. मी विंगेत घाईघाईने पानं उलटत होते, कुठलं वाक्य सांगू ते मला कळेना.

मुलगी सूप खाली ठेवून उठली. म्हणाली, "निघा. पण जाताना पायरीवरचं ते गाठोडं घेऊन जा. तीन दिवस झाले, मी त्याला हात लावलेला नाही."

नाटकात गाठोडं नव्हतं. पायरीवरही नव्हतं, तिने फक्त विंगेकडे बघितलं. वैनी दारापर्यंत गेलेल्या, तिथेच थांबल्या. त्यांनीही विंगेकडे बघितलं, अगदी तिथेच जिथे हिने बघितलं होतं. मग हळूच परत येऊन बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "त्यात काय आहे ते विचारलंही नाहीस?" मुलगी म्हणाली, "विचारलं असतं तर तुम्ही खरं सांगितलं असतं?" आणि तिथून पाचवं पान सुरू झालं, कारण पाचव्या पानावर आई खरं सांगायला सुरुवात करते. मी वही मिटली. गुरुजी पुढच्या रांगेत होते. प्रयोगानंतर ते विंगेत आले आणि त्यांनी मला विचारलं, "ते गाठोडं मी लिहिलं होतं का?"

आता माझ्या मागण्या.

सांस्कृतिक कार्य संचालनालय लोककलांची प्रशिक्षण शिबिरं घेतं आणि हौशी नाट्य स्पर्धाही घेतं. पण मी ज्या नाट्यशिबिरांना गेले तिथे अभिनय, प्रकाशयोजना, रंगभूषा यांवर सत्रं होती. दशावतारी, तमाशातला किंवा नमन-खेळ्यांतला जाणता माणूस शिकवायला बसलाय असं एकदाही दिसलं नाही. लोककलेचं शिबिर निराळं, नाटकाचं निराळं. ते एकत्र करावं. रत्नागिरीकडच्या मंडळांनी नमनातल्या सोंगाड्यांकडून शिकावं, देशावरच्यांनी तमाशात बतावणी करणाऱ्यांकडून. प्रत्येक भागात ऐन वेळी बोलणारी माणसं आहेत आणि ती आता साठी-सत्तरीत आहेत.

दुसरं, या माणसांना शाल-श्रीफळावर बोळवू नये. आमच्या काकांनी पैसे घ्यायला नकार दिला होता. आम्ही नऊजणींनी वर्गणी काढली आणि रोजच्या मजुरीइतकं तरी मानधन पाकिटात घालून त्यांच्या घरी नेऊन दिलं. शिक्षकाला मानधन असतं तसं यांनाही असावं, आणि ते शिबिराच्या खर्चात आधीच धरलेलं असावं.

तिसरं, वेळेचं. पावसाळ्यात दशावताराचे खेळ नसतात. भाताची लावणी आटोपली की गणपतीनंतर कापणीपर्यंत कलाकाराला थोडी उसंत असते, आणि हौशी मंडळांच्या तालमी नेमक्या तेव्हाच सुरू होतात. कार्तिकात जत्रा लागल्यावर कोणी भेटणार नाही. शिबिर ठेवायचं तर भाद्रपदातच ठेवावं.

आणि एक गोष्ट बायकांच्या मंडळांसाठी. दशावतार परंपरेने पुरुषांचा. अलीकडे महिलांची पथकंही उभी राहिली आहेत, पण पिढ्यान्‌पिढ्या रंगपटात पेटाऱ्यामागे बसून, कथा कशी सांगतात, कोण काय बोलतो ते ऐकत मोठे झाले ते मुलगे. आमच्या आयांनी जत्रेत समोर बसून खेळ पाहिला, पहाटे दहीकाला होईपर्यंत पाहिला, पण आतली शाळा त्यांना कधी दिसली नाही. म्हणून आमच्यासारख्या मंडळांना हे शिकणं जास्त गरजेचं आहे. माझी त्या पत्रलेखकांनाही विनंती आहे की पाठांतराविषयी तुम्हाला इतकी आस्था आहे, तर या वर्षी आमच्या तालमीला या आणि काकांच्या त्या पोथ्या बघा.

आमची तालीम अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सुरू होते, संध्याकाळी सातला, अंगणवाडीत. काका पहिल्या दिवसापासून येणार आहेत. गुडघ्यांमुळे त्यांना आणायला-सोडायला एकीच्या मुलाची रिक्षा ठरवली आहे. आजूबाजूच्या वाड्यांतल्या ज्या बायकांना यायचं असेल त्यांनी जरूर यावं. विजेरी आणावी, वाटेत पाऊस असतो. वही आणू नये, पहिले आठ दिवस लागणार नाही.

आपली,
एक अंगणवाडी सेविका,
ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)